लहान ट्रॅक्टरला फ्रंट एंड लोडर बसवण्याचा योग्य क्रम

ट्रॅक्टरच्या पुढे बसणारा, बाहूंवरच्या बकेटने माती उचलणारा लोडर बसवून झाल्यानंतर ज्या तक्रारी ऐकू येतात त्या बहुतेक वेळा सारख्याच असतात. स्टिअरिंग दगडासारखे जड झाले, बकेट भरली की मागची चाके हलकी पडतात, मागची लिफ्ट उचलेनाशी झाली, पुढच्या ॲक्सलच्या बुश काही महिन्यांतच संपल्या. यांतला एकही दोष लोडरच्या बनावटीत असेलच असे नाही. बसवणारा आधी बाहू टांगतो, मग होज (तेलाच्या रबरी नळ्या) जोडतो, आणि मागे वजन लावायचे ते पहिल्यांदा ट्रॅक्टर डोक्यावर जायला लागल्यावर त्याला आठवते. खरा क्रम वेगळा आहे. आधी मागचे वजन, मग चौकट, मग बाहू आणि सर्वांत शेवटी तेल.

येथे गृहीत धरले आहे की ट्रॅक्टर बागकामाचा किंवा त्याहून थोडा मोठा, साधारण १५ ते ३० अश्वशक्तीचा आहे, आणि लोडर तयार संच म्हणून, त्या मॉडेलसाठीच्या चौकटीसह आणलेला आहे. पोलाद कापून घरीच संपूर्ण लोडर बनवणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात या लेखाने पडणे बरे नाही.

टप्पा १ : ट्रॅक्टर हे ओझे पेलणार आहे का

सर्वप्रथम ट्रॅक्टरचे मॅन्युअल उघडून पुढच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त किती भार चालतो तो आकडा शोधावा. केवळ गवत कापण्यासाठी बनवलेल्या यंत्रांची चॅसी वाकवलेल्या पत्र्याची असते आणि पुढचा ॲक्सल त्याच पत्र्याच्या पट्टीत एका पिनवर झुलत असतो. अशा यंत्रावर लोडर बसवू नये. इंजिनाची ताकद कितीही असली तरी पत्रा तो पत्राच.

आकडा मिळाला की कागदावर हिशेब करावा. उदाहरणादाखल ट्रॅक्टरचे वजन ७०० किलो धरू, त्यातले २८० पुढे आणि ४२० मागे. दोन ॲक्सलमधले अंतर १.५ मीटर. लोडरचे स्वतःचे वजन १८० किलो असून त्याचा तोल पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे पडतो. बकेटमध्ये २५० किलो माती आहे आणि ती पुढच्या ॲक्सलपासून १.१ मीटर पुढे आहे. हे सर्व तरफेच्या नियमाने मांडले की पुढच्या ॲक्सलवर सुमारे ९५३ किलो येतात आणि मागे अवघे १७७ उरतात. लहान ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना असतात, हे लक्षात घेतले तर त्या १७७ किलोंचा खरा अर्थ कळतो. उतारावर ब्रेक दाबला की मागची चाके घसरतील, आणि कदाचित जमिनीला टेकलेलीही नसतील.

आता मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजारे टांगण्याच्या तीन टोकांच्या जोडणीवर), मागच्या ॲक्सलच्या ०.९ मीटर मागे, २५० किलोंची वजनपेटी लावू. ती तरफेसारखी पुढचा भार १५० किलोंनी कमी करते. पुढे ८०३ आणि मागे ५७७ होतात. तेच २५० किलो चाकांवरच्या लोखंडी चकत्यांनी किंवा टायरमध्ये पाणी भरून लावले, तर मागे ४२७ होतील खरे, पण पुढचे ९५३ मात्र ९५३ च राहतील. चाकातले वजन पकड वाढवते, पुढच्या ॲक्सलला ते वाचवत नाही. या एका गोष्टीत होणारी गफलत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. टायरमध्ये पाणी भरायचेच असेल तर व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंतच भरावे, म्हणजे वर हवेला जागा राहते. पाणी गोठण्याइतकी थंडी जिथे पडते तिथे नुसते पाणी चालत नाही.

आपल्या यंत्राचे आकडे घालून जो भार येईल तो मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर बकेट लहान करावी किंवा कमी भरावी. जास्त ताकदीचे टायर घालून ॲक्सलची मर्यादा वाढत नाही.

*तपासणी :* पुढची बाजू जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि प्रत्येक चाक वर-खाली व आत-बाहेर हलवून पाहावे. मधल्या पिनमध्ये, किंगपिनमध्ये (चाक जिच्यावर वळते ती पिन), बेअरिंगमध्ये किंवा टाय रॉडच्या टोकांत ढिलाई जाणवली तर ती आधी दुरुस्त करावी. आज जी ढिलाई केसभर वाटते ती लोडरखाली बोटभर होते.

सुरक्षा-कमान आणि सीट बेल्ट नसलेल्या ट्रॅक्टरवर लोडर चढवण्याचा विचारही करू नये.

टप्पा २ : जागा, हत्यारे आणि साफसफाई

सपाट काँक्रीटची जमीन हवी. मातीवर जॅक खचतो आणि मग मापे जुळत नाहीत. चेनपुली किंवा तत्सम उचलण्याचे साधन, निदान चार भक्कम घोड्या, टॉर्क पाना, आटे साफ करण्यासाठी योग्य मापाचे टॅप, मोजपट्टी, आणि तेलाची तोंडे बंद करायला स्वच्छ बुचे जवळ असावीत. बुचांऐवजी चिंधी कोंबण्याची सवय असते. चिंधीचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात आणि नंतर ते कोणी काढू शकत नाही.

ट्रॅक्टर धुऊन, वाळवून, बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवावी. चौकट ज्या भोकांना लागणार आहे ती भोके बहुधा क्लच हाउसिंगवर, इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी आणि मागच्या ॲक्सलच्या नळ्यांवर असतात. प्रत्येक भोकात टॅप हलक्या हाताने फिरवावा आणि आतले तेल-कचरा हवा मारून बाहेर काढावे. आरपार नसलेल्या भोकात तेल साचले असेल तर बोल्ट तळाशी पोहोचण्याआधीच तेल दाबले जाते. मग टॉर्क पाना 'झाले' म्हणून टिक करतो, पण पकड आलेली नसते, आणि जास्त जोर लावला तर बिडाचे हाउसिंग तडकू शकते.

बोल्टची लांबी मोजून घ्यावी. जुन्या बोल्टच्या जागी चौकटीची जाड पट्टी धरणारा बोल्ट जायचा असतो, म्हणून तो पट्टीच्या जाडीइतका लांब हवा. बिडात बोल्ट निदान स्वतःच्या व्यासाच्या दीडपट खोल शिरला पाहिजे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला नसेल तर तो बोल्ट या कामाचा नाही.

टप्पा ३ : चौकट

चौकटीचे काम ट्रॅक्टरला लोडर चिकटवणे एवढेच नाही. बकेट ढिगाऱ्यात घुसते तेव्हा बसणारा धक्का इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर न पडता मागच्या ॲक्सलपर्यंत पोहोचावा, हे तिचे खरे काम आहे. लहान ट्रॅक्टरला बहुधा वेगळी चॅसी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून तोच कणा बनलेला असतो. चौकट मध्येच संपवली तर तो कणा त्या सांध्याशी वाकू लागतो. म्हणून संचातल्या मागच्या लांब पट्ट्या 'जास्तीच्या' समजून बाजूला ठेवू नयेत. त्या लावायच्याच.

क्रम असा ठेवावा.

१. एकमेकांवर बसणाऱ्या सर्व पृष्ठभागांवरचा जाड रंग खरवडून काढावा. रंगाचा थर धक्क्यांनी चुरगळतो आणि बोल्टची पकड आपोआप सैल होते.

२. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सर्व बोल्टांसह, पण हाताने फिरतील इतक्या सैल, लावाव्यात.

३. पुढची आडवी पट्टी आणि इंजिनाखालची आडवी नळी अशीच सैल लावावी.

४. दोन्ही खांबांच्या वरच्या पिनभोकांपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर मोजावे. मग कर्ण मोजावेत, म्हणजे डाव्या खांबापासून उजव्या मागच्या टोकापर्यंत आणि उजव्यापासून डाव्या टोकापर्यंत. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये.

५. मग मधून सुरुवात करून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे, दोन फेऱ्यांत कसावे. पहिली फेरी निम्म्या जोराने, दुसरी पूर्ण. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा. दिला नसेल तर कोरड्या ८.८ बोल्टासाठी १२ मिलिमीटरला साधारण ८० न्यूटन-मीटर आणि १६ मिलिमीटरला २०० च्या आसपास धरावे. आट्यांना तेल लागले असेल तर यापेक्षा कमी.

मी पहिल्यांदा चौकट बसवली तेव्हा डावी बाजू आधी पूर्ण कसून टाकली. उजवीकडचे भोक ४ मिलिमीटरने चुकत होते. मी ते बोल्टानेच ओढून जुळवले, आणि जुळले याचा आनंदही झाला. तिसऱ्या आठवड्यात क्लच हाउसिंगवरच्या त्याच बोल्टचे डोके तुटून जमिनीवर पडलेले सापडले. उरलेला तुकडा हाउसिंगमधून काढायला लोडर बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. भोक जुळत नसेल तर सगळे सैल करून पुन्हा मापावे, आणि तरीही जुळत नसेल तर चौकटीचे भोक मोठे करण्याऐवजी चौकट चुकीच्या मॉडेलची आली आहे का ते पाहावे.

*सावधान :* गिअरबॉक्स, ॲक्सलचे हाउसिंग आणि सुरक्षा-कमान यांवर वेल्डिंग करू नये, आणि नवे भोकही पाडू नये.

*तपासणी :* पुढची बाजू उचलून ॲक्सल एका बाजूला पूर्ण झुकवावा आणि त्याच स्थितीत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावे. मग उलट बाजूला तसेच. चाक चौकटीला कुठेही घासता कामा नये. ॲक्सल सरळ असताना केलेली ही तपासणी काही उपयोगाची नाही. ऑइल फिल्टर आणि तेल सोडण्याचे बूच यांच्यापर्यंत हात पोहोचतो का, हेही आत्ताच बघून घ्यावे.

टप्पा ४ : बाहू, पिना आणि बकेट

बाहू चेनपुलीने टांगून खांबांवर आणावेत. दोन माणसांनी हातावर तोलण्याचा मोह टाळावा, कारण पिन घालताना एकाची बोटे भोकाशी असतात आणि दुसऱ्याचा हात थकलेला असतो. पिनेला आणि बुशला ग्रीस लावून पिन घालावी. पिन हातोडीने ठोकूनच जात असेल तर चौकट वाकडी आहे, मागे जाऊन कर्ण पुन्हा मोजावेत. बाजूची मोकळीक चकत्यांनी भरावी, पण बाहू अडकेल इतकी नाही.

सिलिंडर अजून जोडायचे नाहीत. बाहू चेनपुलीवर असतानाच तळापासून टोकापर्यंत वर-खाली फिरवून पाहावेत. बोनेट उघडते का, दिवे, सायलेन्सर आणि बकेटची मागची कड कुठे लागते का, बकेट पूर्ण आत वळवलेली असताना पुढच्या टायरपासून किती लांब राहते, हे सर्व तेल नसतानाच कळते आणि तेव्हाच दुरुस्त करता येते. त्यानंतर उचलण्याचे सिलिंडर आणि मग बकेटचे सिलिंडर लावावेत. त्यांची तेलाची तोंडे होजच्या दिशेला, मातीपासून दूर असावीत.

टप्पा ५ : व्हॉल्व्ह कुठे आणि कसा जोडायचा

येथे घाई केली की मागची लिफ्ट बंद पडते, किंवा व्हॉल्व्हचे अंग फुटते. म्हणून थोडे सविस्तर.

लहान ट्रॅक्टरची हायड्रॉलिक व्यवस्था बहुधा ओपन सेंटर असते. म्हणजे कोणतीही दांडी ओढलेली नसताना पंपाचे तेल सर्व व्हॉल्व्हांमधून मोकळे वाहत टाकीत परतते. लोडरचा व्हॉल्व्ह या वाहत्या मार्गात, पंप आणि मागची लिफ्ट यांच्या मध्ये बसतो. त्याला तीन तोंडे हवीत. पहिल्यातून पंपाचे तेल आत येते. दुसरे, ज्याला पॉवर बियाँड म्हणतात, पुढे मागच्या लिफ्टकडे दाबाचे तेल देते. तिसरे सिलिंडरमधून परतणारे तेल थेट टाकीत सोडते.

बऱ्याच साध्या व्हॉल्व्हांना पहिले आणि तिसरे एवढी दोनच तोंडे असतात. मग परतीच्या तोंडाची नळी टाकीऐवजी मागच्या लिफ्टला जोडली जाते. तेल वाहते, दोन्ही गोष्टी चालतात, आणि काम जमले असे वाटते. पण मागची लिफ्ट ओझे उचलू लागली की तिचा पूर्ण दाब लोडरच्या परतीच्या बाजूला उलटा चढतो. ती बाजू त्यासाठी बनलेली नसते. सील बाहेर येते, किंवा ओतीव अंगाला तडा जातो. व्हॉल्व्हला पॉवर बियाँडची सोय असेल तर निर्मात्याची वेगळी नळी-बूच घालून ती सुरू करावी लागते, आणि टाकीकडे जाणारी नळी मध्ये कोणताही नळ न ठेवता थेट टाकीत न्यावी लागते.

उचलण्याच्या दांडीला फ्लोट ही चौथी स्थिती असावी. त्यात सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात आणि बकेट जमिनीच्या चढउतारांवर स्वतः तरंगते. फ्लोट नसलेल्या व्हॉल्व्हने सपाटीकरण करताना बकेट जमिनीत खुपसत राहते आणि पुढची चाके उचलली जातात.

काही हायड्रोस्टॅटिक (चाके तेलाच्या दाबावर चालवणाऱ्या) गार्डन ट्रॅक्टरांत लिफ्टचे तेल त्या यंत्रणेला तेल पुरवणाऱ्या छोट्या चार्ज पंपातून घेतलेले असते. त्याचा दाब मॉवरचा डेक उचलण्यापुरताच असतो. त्यावर लोडर जोडला तर तो रडतखडत चालतो. अशा वेळी इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी हाच रस्ता आहे.

दाबाचा अंदाज असावा म्हणून सांगतो : ५० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरला १५० बार दाब मिळाला तर तो जवळजवळ ३,००० किलोंच्या ओझ्याइतका जोर लावतो. बकेट कमी उचलते म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू आवळणारे असतात. तो स्क्रू पंप, होज आणि पहिल्या टप्प्यात मोजलेला ॲक्सल या तिघांना एकाच वेळी वाचवत असतो. त्याला हात लावू नये.

टप्पा ६ : होज

जोडण्यांचे प्रकार मिसळू नयेत. जेआयसी जोडणीच्या शंकूची बाजू अक्षापासून ३७ अंशांवर असते, बीएसपी जोडणीच्या शंकूचा पूर्ण कोन ६० अंशांचा. काही मापांत एकाचे आटे दुसऱ्यावर दोन-तीन वेढे चढतातही, पण दाब येताच गळती सुरू होते. शंकूच्या किंवा ओ-रिंगच्या जोडणीला पांढरी टेप गुंडाळू नये. सील शंकूवर होते, आट्यांवर नव्हे, आणि टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जातात.

होजच्या अंगावर छापलेली ओळ सरळ दिसली पाहिजे. ती गोल फिरत गेली असेल तर होज पिळली गेली आहे आणि लवकर फुटेल. दोन पाने वापरावेत, एकाने फिटिंग धरावे आणि दुसऱ्याने नट कसावा.

लांबी ठरवताना बाहू तळाशी आणि पूर्ण वर, बकेट पूर्ण आत आणि पूर्ण उलटी, अशा चारही स्थितींत पाहावे. माझ्या एका बसवणीत बाहू खाली असताना सर्व होज छान सैल होत्या. वर जाताना त्यांतली एक खांब आणि बाहू यांच्या मधल्या फटीत सरकत होती. बाहेरून दिसत नव्हते, फक्त रबरावर दर वेळी एक चमकदार रेघ उमटत होती. त्या रेघेपर्यंत पोहोचायला खडू कामी आला. संशयाच्या जागी खडू फासावा, बाहू एकदा वर-खाली करावेत आणि खडू कुठे पुसला गेला ते बघावे.

टप्पा ७ : तेल, हवा आणि पहिली हालचाल

ट्रॅक्टरला सांगितलेलेच तेल घालावे. लहान ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल अनेकदा एकच असते, म्हणून दुसऱ्या जातीचे तेल फक्त लोडरपुरते घातले असे होत नाही. बॅटरी जोडावी, मागे वजनपेटी लावलेली असावी, बकेट रिकामी असावी, आणि बाहूंखाली कोणीही नसावे.

इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून उचलण्याची दांडी हळू ओढावी. बाहू आधी गचके खातील, ती हवा आहे. पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि बकेट दोन्ही दिशांना, असे सात-आठ वेळा करावे. मग बाहू जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून तेलाची पातळी पाहावी. बाहू वर, म्हणजे सिलिंडर लांबलेले असताना पातळी पाहून तेल भरले तर ते मिटताच टाकी ओसंडते. तेल दुधासारखे दिसत असेल तर हवा किंवा पाणी मिसळत आहे. पंपाच्या आत ओढणाऱ्या बाजूची जोडणी आधी तपासावी.

उचलण्याचा वेळ घड्याळावर मोजावा. ५० मिलिमीटर बोअर आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोकचे दोन सिलिंडर मिळून सुमारे १.६ लिटर तेल घेतात. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप त्यांना सहा-सात सेकंदांत भरतो. तुमच्या आकड्यांनी आलेल्या वेळेच्या दुप्पट लागत असेल, तर फिल्टर, पंप किंवा व्हॉल्व्हमधली गळती शोधावी.

*सावधान :* गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारे दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण तिला काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावे. तेल शिरल्याचा संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे आणि 'दाबाचे तेल शिरले आहे' असे स्पष्ट सांगावे. कोणतीही जोडणी सोडण्यापूर्वी बाहू खाली टेकवून, इंजिन बंद करून, सर्व दांड्या दोन्ही दिशांना हलवून दाब सोडावा.

वर उचललेल्या बाहूखाली काम करायचेच असेल तर सिलिंडरच्या दांड्यावर लोखंडी कुलूप-पट्टी बसवावी. होजच्या भरवशावर डोके ठेवू नये.

टप्पा ८ : ओझ्याची चाचणी आणि पहिले दहा तास

पहिले ओझे ठरवलेल्या भाराच्या एक तृतीयांश असावे. सपाट जागेवर, बकेट जमिनीपासून वीतभर उंच ठेवून, चालण्याच्या वेगाने पुढे-मागे जावे आणि हळू ब्रेक लावून मागची चाके घसरतात का ते पाहावे. घसरत नसतील तर दोन तृतीयांश, आणि मग पूर्ण. वळताना बाहू वर असू नयेत. पुढच्या टायरची हवा लोडरसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या आकड्यावर आणावी. गवत कापतानाचा आकडा येथे कमी पडतो.

तासाभराच्या कामानंतर चौकटीचे सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा पाहावेत. पाच तासांनी पुन्हा, दहा तासांनी पुन्हा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चौकटीवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ पहिल्याच दिवशी ओढून ठेवावी. नंतर पान्याशिवायही, खाली वाकून बघितले की कोणता बोल्ट फिरला ते रेघ तुटलेली दिसल्याने कळते. एकच बोल्ट तीन वेळा सैल झाला तर तो पुन्हा कसून पुढे जाऊ नये. तो काढून त्याखालचा रंग, भोकाचे आटे आणि पट्टीची बैठक पाहावी. दोष बहुधा तिथेच सापडतो.